पडद्यावरील खेळांचे जतन

विटीदांडूचा खेळ जगातून नाहीसा करावयाचा असे कोणी मनात आणले, तर ते त्यास साधेल काय? दांडू मोडला तर दुसरी फांदी तोडता येते. विटी हरवली तर नवी तासता येते. सागरगोटे नसले तर ओढ्यातील खडे चालतात. आट्यापाट्यांस तर भुईवर ओढलेल्या रेघांवाचून काहीच लागत नाही. या खेळांची साधने अगदी क्षुद्र आहेत आणि म्हणूनच हे खेळ चिवट आहेत. त्यांचे नियम कोणी कुलपात ठेवलेले नसतात. ते मुलांच्या तोंडी असतात आणि थोरल्या भावंडांकडून धाकट्यांकडे आपोआप जातात.

आता दुसऱ्या प्रकारच्या खेळाचा विचार करू. दूरचित्रवाणीच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर खेळला जाणारा खेळ, ज्यास आपण सारे व्हिडिओ गेम म्हणतो, तो वयाने फारसा जुना नाही. त्याच्या जन्मास अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. परंतु इतक्या थोड्या काळात या खेळांची जी पडझड झाली आहे, ती पाहून विचारी माणूस थक्क होतो. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले, की त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळत नाहीत. विटीदांडू शतकानुशतके टिकतो आणि लक्षावधी रुपये खर्चून केलेला खेळ वीस-तीस वर्षांत दिसेनासा होतो, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना खेळ म्हणजे नेमके काय, हेही आपणास कळून येईल.

कोणताही खेळ टिकण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली साधन, दुसरी नियम आणि तिसरी खेळणारा गडी. यांपैकी एक जरी गेली, तरी खेळ लंगडा होतो. आपल्या कोकणातील गंजिफांचे उदाहरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. गंजिफा ही वाटोळी, हाताने रंगविलेली खेळावयाची पाने. हा खेळ मोगलांबरोबर आपल्या देशात रुजला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे या खेळाने भारतीय रूप घेतले आणि दशावतारी गंजिफा निर्माण झाल्या. मत्स्य, कूर्म, वराह अशा दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशी बारा पाने. म्हणजे सारी मिळून १२० पाने. सावंतवाडीचे चितारी ही पाने तयार करीत. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जाणणारे कारागीर अगदी थोडे उरले. तेव्हा तेथील राजघराण्यातील श्रीमंत शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी पुढाकार घेऊन राजवाड्यातच तिला आश्रय दिला. म्हणूनच आज आपण ती सुंदर पाने डोळ्यांनी पाहू शकतो.

परंतु पाने हाती आली म्हणजे खेळ आला असे होत नाही. दशावतारी गंजिफांत पाच रंगांत दश्शी मोठी मानतात, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा मानतात. खेळ दिवसा मांडला तर आरंभाचा मान रामाच्या राजाकडे असतो. रात्री मांडला तर तो कृष्णाच्या राजाकडे जातो. यांतील एकही नियम पानावर लिहिलेला नाही. पान कितीही निरखून पाहिले, तरी तो कळावयाचा नाही. तो खेळणाऱ्यांनीच सांगितला पाहिजे, किंवा कोणीतरी तो लिहून ठेवलेला असला पाहिजे. औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण शर्मा यांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत ग्रंथ लिहून आपल्याकडील अनेक बैठ्या खेळांची माहिती एकत्र केली. असे ग्रंथ नसते, तर कित्येक पट आज केवळ नक्षी म्हणून उरले असते.

पडद्यावरील खेळाची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे साधन आणि नियम ही दोन्ही एकाच ठिकाणी कोंडलेली असतात. चेंडू किती वेगाने यावा, उडी किती उंच जावी, गडी केव्हा बाद व्हावा, हे सारे नियम आज्ञावलीच्या रूपाने यंत्राच्या पोटात असतात. ते माणसास तोंडाने सांगता येत नाहीत आणि डोळ्यांनी वाचता येत नाहीत. यंत्र बंद पडले, की नियमही मुके होतात. गंजिफांत पान गेले तर नियम उरतो. येथे साधनाबरोबर नियमही जातो.

या खेळाचा आरंभच आपणास हा धडा देतो. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे भारताचे पहिले अणुविद्युत केंद्र आहे. ते १९६९ मध्ये सुरू झाले. तारापूर, बोईसर, चिंचणी या परिसरातील विद्यार्थ्यांस हे वाचून मौज वाटेल, की पडद्यावरील अगदी पहिल्या खेळांपैकी एक खेळ अणुसंशोधनाच्या अशाच एका केंद्रात जन्मास आला. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ब्रूकहेवन ही राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तेथे विल्यम हिगिनबॉथम नावाचे पदार्थवैज्ञानिक काम करीत होते. प्रयोगशाळा पाहावयास येणारे लोक नुसती यंत्रे पाहून कंटाळतात, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून १९५८ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी ऑसिलोस्कोप या उपकरणाच्या लहानशा वाटोळ्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. एक आडवी रेघ म्हणजे मैदान, एक उभी रेघ म्हणजे जाळे आणि एक ठिपका म्हणजे चेंडू; एवढेच त्याचे रूप होते. तरी तो खेळण्यास लोकांनी रांगा लावल्या. पुढील वर्षी तो पुन्हा एकदा मांडला गेला आणि त्यानंतर त्याचे भाग सुटे करून दुसऱ्या कामांस लावण्यात आले. आपण काही जतन करण्याजोगे निर्माण केले आहे, असे त्या वेळी कोणासही वाटले नाही.

पुढे १९९७ मध्ये प्रयोगशाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तो खेळ पुन्हा उभा करण्याचे ठरले. मूळ यंत्र नव्हते. परंतु विद्युत्मंडलाचे आराखडे कागदावर राहिले होते. त्या आराखड्यांवरून, दुर्मीळ झालेले जुने भाग शोधून तो खेळ पुन्हा बांधला गेला. यंत्र गेले, पण कागद राहिला. आणि त्या कागदाने खेळास पुनर्जन्म दिला.

आपल्या देशात हे खेळ घरोघर पोहोचले ते १९९० नंतरच्या दशकात. जपानमधील निन्तेन्दो या कंपनीने १९८३ मध्ये दूरचित्रवाणी संचास जोडावयाचे एक खेळयंत्र काढले होते. त्याच्या नकला समुराई, मीडिया अशा निरनिराळ्या नावांनी आपल्या बाजारात आल्या. त्यांत खोचावयाच्या चपट्या डबीस आपल्याकडे सारे ‘कॅसेट’ म्हणत. पण तिच्यात फीत नसे, सर्किट बोर्ड आणि त्यावर बसविलेली चिप असे. काही कॅसेटींवर लक्षावधी खेळांचा आकडा छापलेला असे आणि आत पाहावे तो तेच ते मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. पुष्कळ कॅसेटींत चिपवर काळ्या रसायनाचा गोळा थापलेला असे. ती कोणी केली, कोठे केली, केव्हा केली, हे त्या गोळ्यावरून कळत नाही. कारागिराचे नाव नाही, वर्ष नाही, गाव नाही. इतिहासाच्या अभ्यासकास याहून कठीण वस्तू क्वचितच मिळेल.

अशी एखादी कॅसेट समुद्रकाठच्या गावातील घरात माळ्यावर पडून असेल, तर तिचे काय होत असेल? समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. मीठ हवेतील दमटपणा ओढून घेते. पावसाळ्याचे चार महिने तर भिंतीसही ओल असते. तांब्या-पितळेच्या भांड्यावर कळंक चढावा, तसा तो सर्किट बोर्डाच्या धातूच्या पट्ट्यांवर चढतो आणि यंत्राचा व कॅसेटीचा संबंध तुटतो. ज्या कॅसेटीत खेळाची प्रगती साठविण्यासाठी नाण्याएवढी बॅटरी असते, ती बॅटरी काही वर्षांनी संपते आणि साठविलेले सारे पुसले जाते. यंत्रातील कपॅसिटर जुने झाले म्हणजे त्यांतील द्रव पाझरतो आणि आसपासचे भाग खाऊन टाकतो. फ्लॉपीवरील चुंबकीय नोंद हळूहळू क्षीण होते. सीडीचा चकचकीत थर हवा लागून काळवंडतो. पुस्तकास वाळवी लागली तर ती दिसते. या वस्तूंचा क्षय मात्र वरून दिसत नाही. लावून पाहावे आणि काहीच उमटू नये, तेव्हाच तो कळतो.

बरे, कॅसेट आणि यंत्र ही दोन्ही धड राहिली, तरी काम भागत नाही. त्या काळी बदकांची शिकार करण्याचा एक खेळ फार लोकप्रिय होता. पडद्यावर बदक उडाले, की हातातील प्लॅस्टिकच्या बंदुकीने नेम धरून चाप ओढावयाचा. ही बंदूक प्रकाश बाहेर टाकीत नसे. चाप ओढताच पडद्यावर क्षणभर उमटणारा उजेड ती टिपीत असे. जुन्या, मोठ्या पोटाच्या दूरचित्रवाणी संचात चित्र ज्या रीतीने व ज्या वेगाने उमटे, त्यावरच तिची सारी मदार होती. आजच्या सपाट पडद्यावर ती बंदूक आंधळी होते. म्हणजे तो खेळ जपावयाचा, तर कॅसेट, यंत्र आणि बंदूक यांच्याबरोबर जुना दूरचित्रवाणी संचही जपावयास हवा. आणि तो संच तर आपण केव्हाच भंगारवाल्यास दिलेला असतो.

या संकटावर उपाय नाही असे नाही. पहिला उपाय म्हणजे चिपमधील किंवा फ्लॉपीवरील आज्ञावली वेळीच वाचून तिची प्रत करणे. दुसरा उपाय म्हणजे एम्युलेटर. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली नव्या संगणकावर चालवितात आणि जुन्या खेळास आपण आपल्या मूळ यंत्रातच आहोत असे भासवितात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ आपल्याकडेही संगणकावर अनेकांनी खेळलेला आहे. जॉर्डन मेक्नर यांनी तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची मूळ आज्ञावली पुढे हरवली होती. २०१२ मध्ये मेक्नर यांच्या वडिलांना घरातील कपाटात जुन्या फ्लॉपींचा एक खोका सापडला. जुनी यंत्रे जमवून, जाणकारांनी त्या फ्लॉपी जपून वाचल्या आणि खेळाची मूळ आज्ञावली जगापुढे आली. तो खोका तसाच आणखी काही वर्षे राहिला असता, तर त्या फ्लॉपींनी कदाचित काहीच सांगितले नसते.

तथापि प्रत करण्याच्या मार्गात कायद्याची अडचण येते. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीत गणली जाते आणि तिचा प्रताधिकार सामान्यतः कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. कर्त्यास त्याच्या श्रमाचे फळ मिळावे, हा या कायद्याचा हेतू योग्यच आहे. परंतु चिप आणि फ्लॉपी इतकी वर्षे जगत नाहीत. जी कंपनी बुडाली, जिचा आज कोणी वारसही ठाऊक नाही, तिच्या खेळाची प्रत करण्यास अनुमती मागावी तरी कोणाकडे? पुस्तकांच्या बाबतीत आपण अधिक दूरदृष्टी दाखविली आहे. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांस प्रकाशकाने देणे बंधनकारक आहे. पडद्यावरील खेळांस तो कायदा लागू नाही.

अलीकडचे खेळ तर याहूनही अशाश्वत झाले आहेत. पूर्वी कॅसेट निदान आपल्या हाती असे. आता पुष्कळ खेळ इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाशी जोडल्याशिवाय चालत नाहीत. ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ मध्ये निघाला. कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी आपले संगणक बंद केले आणि पैसे देऊन तो विकत घेतलेल्यांसही तो खेळता येईनासा झाला. संकेतस्थळांवर चालणाऱ्या असंख्य छोट्या खेळांचा आधार असलेले ‘फ्लॅश’ हे साधन २०२० च्या अखेरीस बंद झाले. त्या वेळी जगभरच्या स्वयंसेवकांनी ‘फ्लॅशपॉइंट’ या उपक्रमात लाखाहून अधिक खेळ व चलच्चित्रे वाचविली. हे काम कोणा सरकारने केले नाही. ज्यांनी लहानपणी ते खेळ खेळले होते, त्यांनीच ते हौसेने केले.

कोणी म्हणेल, की पोरांचा वेळ खाणारे हे खेळ गेले तर गेले. त्यांची एवढी काळजी कशास? हा आक्षेप नवा नाही. चित्रपटांविषयीही एके काळी असेच म्हटले जात असे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत ज्ञात नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचीही संपूर्ण प्रत उपलब्ध नाही. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघाले. तोवर कितीतरी चित्रपट नष्ट होऊन गेले होते. ज्या वस्तूस लोक करमणूक म्हणून हलकी लेखतात, ती जपण्याची बुद्धी बहुधा उशिराच होते.

शिवाय एखादी वस्तू जपणे म्हणजे तिची भलावण करणे नव्हे. सोंगट्यांच्या पटावर कित्येकांनी आपली घरेदारे घालविली, म्हणून आपण संग्रहालयातील पट फेकून देत नाही. एका पिढीच्या मुलांनी शाळा सुटल्यावर काय केले, कोणत्या गोष्टीने ती हसली, चिडली आणि पुन्हा पुन्हा हरूनही पुन्हा उठली, हे पुढे कोणास जाणून घ्यावयाचे असेल, तर त्यास हे खेळ पाहावेच लागतील. आणि नुसते पाहून भागणार नाही, ते खेळावे लागतील. चित्र पाहून कळते, पुस्तक वाचून कळते. खेळ मात्र खेळूनच कळतो.

येथे तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे खेळणाऱ्या गड्याकडे आपण येतो. यंत्रे जपण्याचे काम तज्ज्ञांचे आहे. परंतु गड्याची आठवण जपण्याचे काम कोणाही विद्यार्थ्यास करता येईल. आपल्या घरी, शेजारी, कारखान्याच्या किंवा रेल्वेच्या वसाहतीत ज्यांनी लहानपणी हे खेळ खेळले, ती माणसे आज चाळिशी-पन्नाशीची आहेत. कॅसेट कोठून आणली, ती किती जणांत मिळून घेतली, सुटीत एका घरी किती मुले जमत, पाळी कशी ठरे, खेळांस मुलांनी आपसांत कोणती मराठी नावे ठेवली होती, हे त्यांना विचारावे आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवावे. चिपमधील आज्ञावली पुढे कोठून तरी मिळेलही. पण बोईसरच्या एखाद्या खोलीत पाच मुलांनी दोन रिमोट कसे वाटून घेतले, हे कोणत्याही चिपमध्ये नोंदलेले नाही.

घरात जुने यंत्र सापडलेच, तर ते घाईने विजेस जोडू नये. आत घातलेल्या पेन्सिल सेलसारख्या बॅटऱ्या काढून ठेवाव्या. कॅसेटीची तोंडे ओल्या फडक्याने किंवा पाण्याने पुसू नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ते कोरड्या जागी ठेवावे आणि डब्यावर वस्तूचे नाव, ती कोणाची, केव्हा घेतली, हे लिहून चिठ्ठी चिकटवावी. ब्रूकहेवनचा खेळ पुन्हा उभा राहिला तो कागदावरील आराखड्यामुळे. चिठ्ठीवर लिहिलेल्या चार ओळीही पुढे कोणास तशाच उपयोगी पडतील.

स्वाध्याय

१. खेळ टिकण्यास कोणत्या तीन गोष्टी लागतात? विटीदांडू, गंजिफा आणि व्हिडिओ गेम यांत त्या कशा आढळतात, ते लिहा.

२. गंजिफांची पाने हाती आली तरी खेळ हाती येत नाही, असे लेखक का म्हणतो?

३. कारणे द्या : (अ) समुद्रकाठी खेळाची कॅसेट लवकर निकामी होते. (आ) बदकांच्या शिकारीचा खेळ सपाट पडद्यावर चालत नाही. (इ) बुडालेल्या कंपनीच्या खेळाची प्रत करणे कठीण जाते.

४. ‘एखादी वस्तू जपणे म्हणजे तिची भलावण करणे नव्हे’ या विधानाविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : चिवट, कळंक, मदार, अशाश्वत, हुबेहूब.

६. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणीच्या एका खेळाविषयी विचारा. त्याचे नियम अशा रीतीने लिहा, की तो खेळ कधीही न पाहिलेल्या मुलास तो खेळता यावा.